दुधाळगडावर शिल्लक बारा किलो

जुईलीचं बारा किलो वजन दुधाळगडावर राहिलं होतं, आणि ते तिने पंधरा दिवसांच्या आत स्वतः येऊन खाली न्यावं, असं पत्र दुधाळवाडीच्या गड व्यवस्थापन समितीकडून गुरुवारी आलं.

पत्र साधं होतं. वर गोल शिक्का, खाली अध्यक्ष काशिनाथ भोये आणि सचिव सुगंधा गावित यांच्या सह्या. सोबत दोन कागद टाचलेले. पहिला समितीच्या रजिस्टरचा उतारा होता. त्यात जुईलीच्या एक्केचाळीस रविवारच्या नोंदी होत्या: चढतानाचं वजन, उतरतानाचं वजन, फरक. दुसरा कागद म्हणजे तिच्याच ब्लॉगचं छापून काढलेलं पान. त्यातल्या एका वाक्याखाली कुणीतरी पट्टी धरून लाल रेघ मारली होती. 'माझे बारा किलो मी दुधाळगडावर सोडून आले आणि मागे वळून पाहिलं नाही.' समासात बारीक, गोलसर अक्षरात लिहिलं होतं: लेखी कबुली.

जुईली पत्र घेऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या नवऱ्याने, निनादने, ते तिच्या खांद्यावरून वाचलं.

"तरी मी म्हणत होतो, 'घाम गाळला' असं लिही," तो म्हणाला. "'सोडून आले' कशाला लिहायचं?"

"तूच म्हणालास, वाक्य दमदार आहे."

"दमदार आहेच. म्हणून तर त्यांनी रेघ मारली."

'जोडीनं चालू या' हा त्या दोघांचा ब्लॉग. शनिवारी-रविवारी नाशिकहून मोटरसायकलने निघायचं, कुठलातरी डोंगर चढायचा, उतरायचा, आणि सोमवारी लिहायचं: रस्ता कसा आहे, वाटेत काय खावं, किती पावलं झाली, गुडघे दुखले तर काय करावं. फोटो निनादचे, मजकूर जुईलीचा. जुईलीचे बारा किलो आणि निनादचे नऊ, असे एकवीस किलो दोघांनी मिळून दोन वर्षांत कमी केले होते. वाचणारे त्यांना 'एकवीस किलोंचं जोडपं' म्हणत. पुढच्या महिन्यात तीस बायका त्यांच्यासोबत दुधाळगड चढणार होत्या. पत्राच्या शेवटच्या ओळीत म्हटलं होतं की वजन उचललं नाही, तर दोघांना आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या कुणालाही तालुक्यातल्या एकाही गडावर प्रवेश मिळणार नाही.

निनादला तीस बायकांची काळजी वाटली. जुईलीला वेगळीच भीती वाटली.

ते बारा किलो तिच्या अंगावर एका विशिष्ट वर्षात चढले होते. तिच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते चौदा महिने अंथरुणाला खिळले, त्या वर्षात. आधी दवाखान्यात, मग घरी, मग पुन्हा दवाखान्यात. जुईली उशाशी बसून असायची आणि जे समोर येईल ते खायची. निनाद तेव्हा कंपनीच्या कामासाठी बंगळूरला होता, मध्ये दोनदा येऊन गेला. बाबा गेल्यावरही ती त्याच खुर्चीत बसून राहिली. निनाद कायमचा परत आला आणि एका रविवारी त्याने तिला जवळजवळ ओढत दुधाळगडावर नेलं. नंतर दर रविवारी. वजन उतरत गेलं आणि त्याच्याबरोबर ते वर्षही उतरत गेलं. बाबा होते हे तिला माहीत होतं, भिंतीवर त्यांचा फोटो होता, पण ते चौदा महिने आता तिला कुणीतरी सांगितलेल्या बातमीसारखे वाटत. लोक म्हणत, सावरलीस हो. ती म्हणे, चालल्यामुळे.

आता ते बारा किलो परत घ्यायचे होते. पँटची कंबर घट्ट होईल याचं तिला काही वाटत नव्हतं. त्या बारा किलोंत काय काय आहे, ते तिला आठवत नव्हतं, आणि आठवायचं नव्हतं.

"काढू काहीतरी मार्ग," निनाद म्हणाला.

"कसला मार्ग? नियम आहे."

नियम खरंच होता आणि सरळ होता. पूर्वी दुधाळगडावर जाणारे लोक पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं वर टाकून येत. समितीने आधी बाटल्या मोजून पाहिल्या. लोक बाटल्या वरच्या पाण्याच्या टाक्यात बुडवून येऊ लागले. मग पिशव्यांचं वजन करून पाहिलं. लोक कचरा खिशात घालून वर नेऊ लागले. शेवटी समितीने रेशन दुकानातला धान्याचा जुना काटा पायथ्याच्या फाटकाशी आणून बसवला आणि माणसाला पिशवीसकट तोलायला सुरुवात केली. जेवढं वर जाईल, तेवढं खाली आलं पाहिजे. घामाची आणि खाण्यापिण्याची सूट होती. ती हिशेबातून कशी काढायची हेही ठरलेलं होतं: पुढच्या वेळी चढताना जे भरून आलेलं नसेल, ते गडावर राहिलं असं धरायचं. जुईली पहिल्या रविवारी चौऱ्याहत्तर किलोंनी वर गेली होती आणि शेवटच्या रविवारी बासष्ट किलोंनी खाली आली होती. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. उलट हा नियम आला तेव्हा जुईलीने त्याचं कौतुक करणारी पोस्ट लिहिली होती. गडावर कचरा टाकणाऱ्यांना तिने त्यात चांगलंच फैलावर घेतलं होतं.

रविवारी सकाळी साडेसात वाजता ते दोघं फाटकाशी पोहोचले.

काशिनाथ भोये पन्नाशीचे, सडपातळ, पायात टायरच्या चपला. सुगंधा गावित काट्यामागे टेबलाशी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर लांबलचक रजिस्टर, पट्टी, लाल आणि निळं पेन. समासातलं गोलसर अक्षर त्यांचंच असणार हे जुईलीने ओळखलं.

"या ताई," सुगंधा म्हणाल्या. "तुमचा ब्लॉग मी वाचते. छान लिहिता."

"थँक्यू," जुईली म्हणाली.

"तुमचं वाचून पुष्कळ लोक आले वर्षभरात. पुण्याचे, ठाण्याचे. सगळे म्हणायचे, आम्हालाही इथंच सोडायचंय." त्यांनी पान उलटलं. "सदतीस जणांना पत्रं टाकलीत. तुमचं पहिलं."

"पण मॅडम," निनाद पुढे झाला, "वजन म्हणजे काय प्लास्टिक नाही. कुजून जाईल ना हळूहळू."

"तसं आम्हालाही वाटलं होतं सर," काशिनाथ म्हणाले. "दोन पावसाळे वाट बघितली. तसूभर कमी झालं नाही. टाक्याच्या काठावरच सगळ्यांनी सोडलं. दमून बसायची जागा तीच ना. आता त्या भाराने टाक्याचा काठ चिरला. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वाडी त्या टाक्याचं पाणी पिते. चीर खाली गेली तर काय करायचं, सांगा."

सुगंधांनी जुईलीला रिकामं गोणपाट दिलं आणि त्याची वेगळी नोंद केली, चारशे ग्रॅम.

चढ दोन तासांचा होता. काशिनाथ पुढे गेले. ते वळणाआड झाल्यावर निनाद आवाज खाली घेऊन म्हणाला, "ऐक. गोणीत घ्यायचं. उतरताना डोंगराच्या सोंडेवरून डावीकडे वळायचं. तिथून पुढे पलीकडच्या गावाची हद्द लागते. तिथे ठेवून द्यायचं कुठेतरी झुडपात."

"आणि काट्यावर?"

"तेवढ्या वजनाचे दगड भरायचे गोणीत."

"म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात."

"कचरा काय म्हणतेस, तुझंच वजन आहे."

"म्हणूनच." ती थांबली आणि वळली. "दोन वर्षं आपण लोकांना शिकवतोय निनाद. बाटली परत न्या, साल परत न्या, बडीशेपेचं पाकीटसुद्धा परत न्या. आणि मी झुडपात टाकू?"

"तुला भीती वाटतेय म्हणून म्हणतोय."

"वाटू दे."

ती पुढे चालू लागली, पण पाय जड झाले होते. अजून काहीच उचललेलं नव्हतं तरी.

टाकं कातळात खोदलेलं, चौकोनी. पाणी काळंशार आणि स्वच्छ. काठावर दिसायला काही नव्हतं. फक्त वाळलेलं गवत ठिकठिकाणी दबलेलं होतं, एखादं जनावर बसून उठावं तसं. काठाच्या दगडातून हातभर लांबीची चीर खाली पाण्याकडे गेली होती. दिसत काही नसलं, तरी हात घातला की हाताला लागत होतं.

"यातलं माझं कुठलं?" जुईलीने विचारलं.

"ते ज्याचं त्यालाच ओळखता येतं," काशिनाथ म्हणाले. "आम्ही कसं ओळखणार? आमच्या वाडीतल्या कुणाचं वर काही शिल्लक नाही. रजिस्टर बघा पाहिजे तर." त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. नुसती माहिती दिली होती.

जुईलीने पहिल्या दबलेल्या गवतात हात घातला आणि उचललं. सातएक किलो असेल. हातात घेताक्षणी उद्या पेपर आहे, चौथा प्रश्न कच्चा आहे, असं तिला वाटू लागलं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुणाचं तरी होतं. तिने ते खाली ठेवलं. दुसरं चांगलंच जड होतं, पण उचलताना तिला हसू आलं. कुणाच्या तरी घरी पाठोपाठ तीन लग्नं झाली होती आणि बुंदीचे लाडू संपता संपत नव्हते. तेही तिने खाली ठेवलं, जरा नाइलाजाने.

"इतकं चांगलं कुणी टाकून कसं गेलं?" ती म्हणाली.

"फोटोत जाड दिसतो म्हणाले होते एक सर," काशिनाथ म्हणाले.

तिसरं अगदी कडेला होतं, निम्मं चिरेवर. जुईली तिथे बसली. हात पुढे करायला तिला वेळ लागला. निनादने फोन बाहेर काढला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो परत खिशात ठेवला.

तिने हात घातला. फिनेलचा वास आला. मशीनच्या चहाचा. ओल्या टॉवेलचा. तिने बाकी काही येऊ दिलं नाही. भराभर ते गोणीत कोंबलं, तोंड सुतळीने आवळलं आणि उभी राहिली. भार उचलल्याबरोबर काठाचा दगड टक् करून वाजला. काशिनाथ गुडघ्यांवर बसले, चिरेला कान लावून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "आलं थोडं जागेवर. बरं झालं."

नियमाप्रमाणे गोणी मालकानेच उतरवायची होती. जुईली ती पाठीवर घेऊन दोन तास उतरली. सोंडेवरच्या डावीकडच्या वाटेपाशी निनाद क्षणभर रेंगाळला. ती थांबली नाही. गोणी बांधलेली होती तोवर आतलं आतच राहत होतं, फक्त खांदे दुखत होते. फाटक दिसू लागलं तशी ती सावकाश चालू लागली. फाटकाच्या आत काट्यावर गोणी सोडली की वजन मालकाच्या अंगी लागतं, हे पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

"बसा ताई, पाणी प्या," सुगंधा म्हणाल्या. "एक अर्ज आहे त्याआधी. वाटपाचा."

"कसलं वाटप?"

"सगळं एकट्यानेच घ्यावं असं नाही. घरातल्या सज्ञान माणसाकडे जागा रिकामी असली तर त्याच्या नावे लावता येतं." त्यांनी फाइलमधून आणखी एक छापील पान काढलं. तेही ब्लॉगचंच होतं. निनादचा बाजूने काढलेला फोटो, हात डोक्यामागे, आणि खाली जुईलीने लिहिलेली ओळ: 'निनादचे नऊ किलो गेले, पट्ट्याला तीन नवी भोकं पाडावी लागली.' ओळीखाली निळी रेघ होती. "सरांनी नऊ कमी केलेत. म्हणजे नऊची जागा आहे."

निनाद पानाकडे पाहत राहिला.

"आता आमच्या रजिस्टरमध्ये," सुगंधा पट्टी सरकवत शांतपणे म्हणाल्या, "सर पहिल्या रविवारी अठ्ठ्याऐंशी आणि शेवटच्या रविवारीही अठ्ठ्याऐंशीच आहेत. गडावर त्यांच्या नावे काही शिल्लक नाही. त्यांनी दुसरीकडे कुठे सोडलं असेल तर ते त्या गावचं त्या गावाने बघावं. आम्हाला फक्त जागा रिकामी आहे की नाही, एवढंच विचारायचंय. सरांनी लिहून द्यायचं."

जुईलीने निनादकडे पाहिलं. त्याचा शर्ट नेहमीसारखा पँटच्या बाहेर होता. गेली दोन वर्षं तो नेहमीच बाहेर असायचा. घरातल्या वजनकाट्यावर तो दार लावून उभा राहायचा आणि आतून आकडा सांगायचा, ती तो लिहून घ्यायची. आत्ता त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, सावलीत बसूनही.

नऊची जागा नव्हती. एका किलोचीही नव्हती. जुईलीला ते कळलं, आणि तिला ते कळलंय हे निनादलाही कळलं. तिने एवढंच म्हणायचं होतं की राहू द्या, माझं आहे, मी घेते. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पायाशी गोणी होती, तिच्यातून फिनेलचा बारीक वास येत होता. जुईली गप्प बसली.

"नसेल जागा तर तसं लिहा सर," काशिनाथ म्हणाले. "जबरदस्ती नाही. फक्त मग ते छापलेलं खोटं ठरतं. त्याचं पत्र आम्हाला वेगळं काढावं लागेल."

"बाबांचं ते वर्ष माझं हुकलं होतं," निनाद म्हणाला.

"काय म्हणालात?"

"काही नाही." त्याने पेन घेतलं. "नऊ लिहितो. जागा करीन."

"जागा आहे असं लिहायचंय. करीन असं नाही."

"आहे," निनादने लिहिलं आणि सही केली.

काट्यावर आधी जुईली उभी राहिली. सुगंधांनी गोणीतून तीन किलो मापून काढले आणि तिच्या ओंजळीत दिले. काटा बासष्टवरून पासष्टवर गेला. तिला दवाखान्याची लांब गॅलरी आठवली. प्लास्टिकच्या जोडलेल्या खुर्च्या, मधलीचा पाय मोडलेला. कॅन्टीनचं कुपन. लिफ्टमनचं जांभई देणं. एवढंच. खोलीचं दार दिसलं, पण ते बंद होतं. तीन किलोंत तेवढंच मावलं असणार. तिने श्वास सोडला, आणि आपण सुटलो असं वाटल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली.

मग निनाद उभा राहिला. उरलेली गोणी त्याने छातीशी धरून उघडली. काटा अठ्ठ्याऐंशीवरून सत्त्याण्णववर जाऊन थांबला. शर्टाची खालची दोन बटणं ताणली गेली होती. तो बराच वेळ काट्यावरून उतरला नाही, तेव्हा काशिनाथांनी त्याच्या कोपराला हात लावून त्याला उतरवलं.

"बरोबर जमलं," सुगंधा म्हणाल्या आणि लाल पेनाने जुईलीच्या नावापुढे शून्य लिहिलं. "ना हरकत दाखला आठवड्याभरात टपालाने येईल. वाटप सहा महिने बदलता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. आणि ताई, एक विनंती. ब्लॉगवर लिहा, आपापलं आपापल्या घरी ठेवा म्हणून. तुमचं ऐकतात लोक."

परतीच्या वाटेवर जुईली मागे बसली होती. मोटरसायकल खड्ड्यांत टेकत होती. शहरात शिरल्यावर निनादने घराचं वळण सोडून दिलं आणि सरळ गेला. बाबांना ठेवलं होतं त्या दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी, जिथे दुचाकी लावायला जागा असते, तिथे त्याने गाडी उभी केली आणि स्टँड लावला. सकाळपर्यंत हे फाटक त्याला माहीतही नव्हतं.

"इथे कशाला आलो?" जुईलीने विचारलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "सवयीने वळलो," तो म्हणाला, आणि त्याने गाडी परत फिरवली.

सोमवारी जुईलीने पोस्ट लिहिली. मथळा साधाच दिला: 'वजन वर सोडू नका.' समितीचा नियम, टाक्याची चीर, उचलण्याची पद्धत, गोणपाट कुठे मिळतं, सगळं क्रमाने. शेवटी निनादने सांगितल्याप्रमाणे त्याचं वजन घातलं, सत्त्याण्णव, आणि नऊ किलो कधीच गेले नव्हते हेही घातलं. तो तिच्या शेजारी बसून प्रत्येक शब्द वाचत होता.

"नक्की टाकू?" तिने विचारलं.

"टाक. काशिनाथदादांना पुन्हा कागद छापायला नको."

तीसपैकी अकरा बायकांनी येणं रद्द केलं. उरलेल्यांनी गोणपाट सोबत आणायचं की तिथे मिळेल, असं विचारलं. एकीने लिहिलं की तिचं वजन ती गेल्या वर्षी दुसऱ्याच एका गडावर सोडून आली आहे आणि त्या गावातून अजून पत्र आलेलं नाही, तर तिने काय करावं. जुईलीने तिला उत्तर दिलं की पत्राची वाट पाहू नये.

आठवडाभर ती निनादवर नजर ठेवून होती. तो ऑफिसला जात होता, फोनवर बोलत होता, पावलं मोजत होता. पण मध्येच बोलणं सोडून घड्याळाकडे पाही आणि उठून उभा राही. मग कशासाठी उठलो ते न आठवून परत बसे. मऊ भात जास्तच मऊ करी. उशी उचलून थोपटून कड वळवून ठेवी, जणू तिच्यावर टेकणाऱ्याला मान वळवता येत नाही. एकदा जुईली बाहेरून आली तेव्हा तो खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. ती तशीच बसायची. असं लोक नंतर तिला सांगायचे.

तिने दुधाळवाडीला फोन केला. सुगंधा म्हणाल्या की सहा महिने म्हणजे सहा महिने.

पुढच्या रविवारी ते कुठे गेले नाहीत. सकाळचे आठ वाजले होते. निनाद ओट्याशी शेवया भाजत होता. त्याला शेवयांची खीर आवडत नसे. तिच्या बाबांना आवडायची. हे तिने त्याला कधी सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

"जड वाटतंय का रे?" जुईलीने विचारलं.

"गुडघ्यांना वाटतं. सवय होईल."

"आणि बाकी?"

तो शेवया हलवत राहिला. "बाकी बाबांची आठवण येते," तो म्हणाला. "तुझ्या."

ती दारातच उभी होती. जवळ जावं की निघून जावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. ज्या भीतीने ती फाटकाशी गप्प बसली होती, ती अजून तशीच होती, छातीत, मुठीएवढी. पण जे तिचं होतं ते आता या माणसाकडे होतं, आणि तो ते दुधासारखं जपून, न सांडता, या खोलीतून त्या खोलीत घेऊन फिरत होता.

"शेवटच्या दुपारी ते काहीतरी म्हणाले होते," ती म्हणाली. "मी एकटीच होते खोलीत. काय म्हणाले ते माझ्याकडे नाहीये."

"माझ्याकडे आहे," निनाद म्हणाला.

"खूप वाईट आहे का?"

"अर्धं आहे. अर्धं हसण्यासारखं आहे. तुला दोन्ही घ्यावं लागेल."

जुईली पुढे आली. शेवया लागायला लागल्या होत्या. तिने गॅस बारीक केला, त्याच्या हातातला झारा घेतला आणि म्हणाली, "सांग."

निनाद ओट्याला टेकला आणि बाबांच्या आवाजात सांगू लागला.